दोघांचं औषध

"महाळुंग्याची जोडी, चला आत!" सोपाननं केबिनच्या दारातून हाळी दिली आणि समोरच्या बाकावर बसलेला सुभाष अर्धा उठला. उठला, आणि आपल्याला कोणी बोलावलेलं नाही हे लक्षात आल्यावर, खिशातला मोबाईल काढायलाच उठलो होतो असं दाखवत परत बसला. बघायला गेलं तर एवढंच झालं. मंचरच्या त्या दवाखान्यात सकाळपासून ताटकळलेल्या बायकांपैकी कुणाचं तिकडं लक्षही गेलं नाही. शेजारची पोटुशी बाई आईनं सोलून दिलेली मोसंबीची फोड तोंडात धरून बसली होती, ती तशीच बसून राहिली. पण समोर नवऱ्याशेजारी, ऋषीशेजारी, बसलेल्या स्नेहलनं पाहिलं. ऋषीनंही पाहिलं असावं, कारण तो तिच्याकडं न बघता उगाच चपलेत पाय सारत राहिला. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि सोपान पुन्हा बाहेर आला. "थांबा, थांबा. मॅडम डिलिव्हरीला चालल्यात. बसा वाईच. तुमचाच नंबर हाय, ऋषीभाऊ, कुठं जाऊ नका." 'ऋषीभाऊ' म्हणताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जे उमटलं ते स्नेहलच्या आता चांगलं ओळखीचं झालं होतं. सोपान महाळुंग्याचाच, ऋषीच्या भावकीतला. इथं कंपाउंडर म्हणून लागल्यापासून गावातल्या कुणाच्या पोटात काय दुखतंय हे त्याला त्या माणसाआधी कळायचं, आणि ते पोटात ठेवणं त्याला कधी जमलं नव्हतं.

जोडी. या दवाखान्यात असलं दुखणं जोडीनंच दाखवायचं. प्रतिभा मॅडमचा नियमच होता तसा. अंगावरून जाणं, ओटीपोटात कळा, जळजळ, अशी तक्रार घेऊन बाई एकटी आली तर त्या तिला तपासायच्या, धीर द्यायच्या, पण औषध मात्र नवरा समोर येऊन बसल्याशिवाय द्यायच्या नाहीत. "एकटीला देऊन काय उपयोग? ती बरी होऊन घरी जाते आणि नवऱ्याकडून तेच परत घेऊन येते," असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पारगावकडच्या पाचटाच्या कोप्यांवरून आलेली ऊसतोडणीची बाईसुद्धा या नियमाच्या जोरावर नवऱ्याला दंडाला धरून इथं आणून बसवायची, आणि एरवी कुणाच्या बापाला न भिणारा तो गडी मॅडमपुढं मान खाली घालून बसायचा. कितीतरी बायकांचं भलं झालं असणार. मॅडम खडूस असत्या, लोभी असत्या, तर स्नेहलला बरं वाटलं असतं. वाईट माणसाशी खोटं बोलताना मन इतकं खात नाही. इथं एका भल्या बाईला फसवायचं होतं, आणि तेही तिनं आपल्याच बाजूनं बोलत असताना.

पहिल्यांदा आली तेव्हा मॅडमनी दार लावून घेतलं होतं, पडदा ओढला होता, सगळं हळू आवाजात विचारलं होतं. "लग्नाला किती वर्षं झाली? संबंध मिस्टरांशीच ना फक्त?" विचारताना त्यांनी मान वर केली नव्हती. हात लिहीत होता, आणि उत्तर कागदावर आधीच उतरलंही होतं. स्नेहल 'हो' म्हणाली. जेवलात का म्हटल्यावर आपण हो म्हणतो, इतक्या सहज. त्या एका 'हो'वर तिनं पुढं किती विचार केला! नाही म्हणाली असती तर काय झालं असतं? मॅडमनी मान वर केली असती. बस्स, मान वर केली असती. पण त्या वर केलेल्या डोळ्यांत काय असतं, हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीची भीती वाटून ती हो म्हणून गेली. त्याआधी एकदा ती पुण्याला जाऊन आली होती, कुणी ओळखणार नाही म्हणून. तिथंही तेच. तिथल्या कोवळ्या डॉक्टरणीनं हसून विचारलं होतं, "मॅरिड ना? मग पार्टनर एकच." तिथं तर ते प्रश्नासारखं विचारलंही नव्हतं. म्हणजे मंचर काय आणि पुणं काय, स्नेहल ज्या घरात राहत होती ते घर कुणाच्याच नकाशावर नव्हतं.

औषध मॅडम स्वतःच्या हातानं द्यायच्या. बाहेरच्या दुकानात चिठ्ठी पाठवली की लोक निम्मंच घेतात, पोरींना दुकानदारासमोर लाज वाटते, म्हणून त्यांनी ही पद्धत पाडली होती. पत्र्याच्या कपाटातून गोळ्या काढायच्या, पांढऱ्या कागदाच्या पुड्या बांधायच्या, त्यांवर फक्त सकाळ आणि संध्याकाळ लिहायचं. एक ढीग बाईचा, एक नवऱ्याचा. गोळीचं नाव काय, हे विचारायचं धाडस स्नेहलला झालं नाही. विचारलं तर 'कशाला हवंय?' हा पुढचा प्रश्न आला असता. ऋषी पहिल्यांदा सोबत आला त्या दिवशी दोघंही दोन ढीग घेऊन थेट रोपवाटिकेवर गेले. सुभाष तिथंच शेडनेटखाली ड्रिपची नळी तपासत बसला होता. बिया मोजायच्या टेबलावर स्नेहलनं पुड्या उघडल्या आणि तीच म्हणाली, "तिघांत वाटून घेऊ. थोडं थोडं सगळ्यांना." ऋषी लगेच हो म्हणाला. सुभाष हसला. "प्रसाद वाटल्यावानी वाटतीय बग ही," तो म्हणाला, आणि खरंच तसंच वाटलं होतं तिला. आपल्या हातानं, कुणाला कमी नाही की जास्त नाही, असं वाटून देताना तिचे डोळे भरून आले होते. वेडी कुठली! रोज सकाळी टोमॅटोची रोपं न्यायला आलेल्या शेतकऱ्यांना हीच बाई बजावायची, "दादा, औषध मापानं मारा. निम्मं मारलं तर करपा मरत नाही, निबर होतो. मग पुढं कशालाच दाद देत नाही." लोणीपासून आलेले म्हातारेकोतारे मान डोलवत ऐकून घ्यायचे. आणि स्वतःच्या शरीराच्या बाबतीत तिनं नेमकं तेच केलं. तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण सुभाषला काहीच मिळू नये आणि आपण दोघांनी त्याच्यासमोर गोळ्या गिळाव्यात, हे तिच्या हातून झालं नसतं. प्रेमानं केलेली चूक चूकच असते, हे आता पोटातली प्रत्येक कळ तिला सांगत होती.

सुभाष मूळचा वरचा, डिंभे धरणाच्या पलीकडच्या आदिवासी पट्ट्यातला. वडील जानकू अजूनही डोंगराच्या उतारावर भात आणि नाचणी करतात. नारायणगावला डिप्लोमाला असताना ऋषी आणि सुभाष एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे, परीक्षेला एकाचाच शर्ट आलटून पालटून घालायचे. पुढं ऋषीनं घरच्या रानात रोपवाटिका काढली आणि सुभाष ठिबकच्या कंपनीत लागला, जुन्नरला खोली घेऊन राहिला. रोपवाटिकेवर येता-जाता स्नेहलची आणि त्याची गट्टी जमली, आणि ती गट्टी नुसती राहिली नाही हे तिला ट्रेमध्ये कोकोपीट भरता भरता एका दुपारी कळलं. लपवणं तिला जमणारं नव्हतं. त्याच आठवड्यात तिनं ऋषीला सांगून टाकलं, सुभाषला हातही लावण्याआधी. ऋषी ऐकून तसाच उठला. बहिणीकडं लोणीला निघून गेला, परत आला तेव्हा दाढी वाढलेली, आणि मोटार चालू करायला वाकलेला असताना, तिच्याकडं पाठ करून म्हणाला, "येऊ दे त्याला. मला तोही पायजे आन् तूही. फक्त माज्या माघारी काय नको." त्यानंतर माघारी काहीच झालं नाही. जे झालं ते तिघांच्या संमतीनं, तिघांच्या नजरेसमोर, आणि मधून मधून तिघांच्या भांडणांतून झालं. सुभाष आठवड्यातून दोनदा यायचा. सरूबाई, म्हणजे ऋषीची आई, त्याच्यासाठी मासवडी थापायची आणि रस्सा वाढताना म्हणायची, "जेव रं लेका, वर डोंगरात कोण घालतंय तुला?" तिच्या लेखी तो ऋषीचा दोस्त, घरातलंच पोर. स्नेहल लोकांसमोर त्याची वहिनी. हे सगळं किती सोपं होतं! स्नेहलला कधी कधी आपल्या सुखाचीच लाज वाटायची, एवढं ते सरळ चाललं होतं. मग आजार आला आणि तिला कळलं, की सगळं चाललं होतं ते कुणी विचारत नव्हतं म्हणून. शरीर दुखायला लागलं की विचारणारे येतात.

आणि या सगळ्यात तिनं आणखी एक पाप केलं होतं, जे तिनं दोघांनाही सांगितलं नव्हतं. हे आलं कुणाकडून, असं कुणी कुणाला विचारायचं नाही, असं तिघांनी ठरवलं होतं. जुनं कधीतरी, कुणाच्या तरी अंगात दबून बसलेलं असतं, कुणाचंही असू शकतं, असं ऋषी मोबाईलवर कुठंतरी वाचून आला होता. तिनं तोंडानं विचारलं नाही. पण दुखणं सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी तिच्या मनात नाव आलं ते सुभाषचं. का? तो जुन्नरला एकटा राहतो म्हणून? का तो वरचा, डोंगरातला, म्हणून? माहेरी लहानपणी ऐकलेलं 'ती लोकं तसलीच' हे वाक्य इतकी वर्षं तिच्यात कुठंतरी निवांत बसून होतं आणि बोलावल्याबरोबर हजर झालं होतं. ज्याच्या छातीवर डोकं ठेवून ती शांत झोपायची, त्याच्याबद्दल. त्यानंतर त्याच्याकडं बघताना तिला आपलीच किळस यायची. कदाचित त्या पुड्या वाटतानाही ती त्याला प्रेमानं देत नव्हती, त्या विचाराची भरपाई करत होती. कुणास ठाऊक. मनाच्या तळाशी हात घातला की गाळच हाताला लागतो, त्यातलं कुठलं कधीचं हे कसं सांगायचं?

दुखणं थोडं उतरलं आणि महिन्याभरात परत उसळलं. दुसऱ्यांदा दोघं आले, तेव्हा मॅडमनी कागद बाजूला सारला आणि ऋषीकडं नुसतं बघितलं. "औषध दोघांनीही पूर्ण घेतलं?" घेतलं, म्हणाला. "मग हे परत कुठून आलं?" ऋषी टेबलावरच्या कागदाकडं बघू लागला. "तुम्ही बाहेर जाता का? मी पोलीस नाही. पण या मुलीच्या शरीराची वाट लागतेय, तेव्हा मला विचारायचा हक्क आहे." खोलीत पंख्याचा आवाज होता. आता बोलायचं, आता, असं स्नेहल स्वतःला सांगत होती, आणि तेवढ्यात ऋषी म्हणाला, "चुकलं माझं, मॅडम. परत न्हाई व्हायचं." मॅडम मग त्याला बोलल्या, पुष्कळ बोलल्या. शिकलेला माणूस, घरची शेती, सोन्यासारखी बायको. दार पुरतं लागलेलं नव्हतं. सोपान बाहेर टेबलापाशी उभा होता. ऋषी ऐकत राहिला आणि स्नेहल त्याला ऐकू देत राहिली. एक शब्द, फक्त एक शब्द मध्ये टाकला असता तर तो वाचला असता. परतीच्या वाटेवर गाडीवर मागं बसून ती त्याच्या पाठीला कपाळ टेकवून रडली. तो म्हणाला, "अगं, त्यात काय येवढं? मला काय भोकं पडली का?" या खेपेच्या पुड्यांना सुभाषनं हात लावला नाही. "मला काय होत न्हाई, तुमी दोघं पुरतं घ्या," म्हणाला. दोघांनी पुरतं घेतलं. तिघांनी महिनाभर लांब राहायचं ठरलं होतं, तेही बहुतेक पाळलं. बहुतेक. एका दुपारी सुभाष आला, ऋषी बाजाराला गेलेला, आणि स्नेहलला इतकं एकटं वाटत होतं. तिनंच त्याला थांबवून घेतलं, आणि ऋषी परतल्यावर त्याला ते सांगूनही टाकलं.

ऋषीनं मॅडमपुढं दिलेली ती कबुली सोपानकडून सरूबाईपर्यंत पोचायला सूर्य मावळावा लागला नाही. सरूबाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं मुलाशी बोलणं टाकलं. ऋषी जेवायला बसला की ही उठून गोठ्यात जायची. त्याचं ताट ती वाढेना, त्याचे कपडे ती दोरीवरून काढेना. आणि तो सगळा जीव तिनं सुनेवर लावला. दुपारी उन्हात तिला बोलावून समोर बसवायची, डोक्याला खोबरेल चोळायची, तुपाची धार तिच्याच भातावर जास्त सोडायची. "पोरी, तुजं काय चुकलं न्हाई," बोटांनी केस विंचरत ती म्हणायची. "माज्याच पोटी हे असलं निपजलं. त्याचा बाप लई कडक व्हता, पर बाईच्या बाबतीत सरळ व्हता. तू म्हणशील तर मी जाते माज्या लेकीकडं लोणीला, पर तू हितनं हलायचं न्हाई. हे घर तुजं हाय." स्नेहलच्या मानेवरून तेल ओघळत होतं. म्हातारीचे हात कामानं खरखरीत झालेले, पण डोक्यावर अगदी हलके पडायचे. सख्ख्या आईनं कधी इतकं लाडानं केलं नव्हतं. आणि ती बसून राहायची, डोळे मिटून, चोरानं मालकाच्या ताटात जेवावं तशी. आई, तुमचा मुलगा सरळ आहे, एवढं वाक्य ती मनात पुन्हा पुन्हा जुळवायची. पण त्या वाक्याच्या मागून दुसरं वाक्य आपोआप येणार होतं, आणि ते आलं की हे हात डोक्यावरून निघून जाणार होते. एकदा पडवीतून जाताना ऋषीनं त्या दोघींना तसं बसलेलं पाहिलं. तो थांबला आणि मग ट्रॅक्टरची किल्ली घेऊन बाहेर गेला. त्या दिवशी त्याच्या पाठीकडं बघताना ती पहिल्यांदा स्वतःला म्हणाली, की आपण वाईट बाई आहोत. दोन पुरुषांवर जीव जडला त्यासाठी नाही. त्यातल्या एकाला आपण उन्हात उभं केलं आणि स्वतः सावलीत बसलो, त्यासाठी.

सुभाषचं तिला परवा कळलं. तो येईना, फोनवर धड बोलेना, म्हणून ती जुन्नरला त्याच्या खोलीवर गेली. तो पांघरूण घेऊन पडला होता. ताप होता, जांघेत सूज होती, चालताना पाय फाकवून टाकावे लागत होते. डॉक्टरकडं गेला होता, नाही असं नाही. "त्यांनी इचारलं, लग्न झालंय का? म्हटलं न्हाई. मग म्हनले, कुठं जाऊन आलास? म्हटलं कुठंच न्हाई. तर म्हनले, जिच्याकडनं घेतलंस तिला घिऊन ये, तिलाबी तपासाय पायजे, त्याबिगर काय उपेग न्हाई." त्यानं पांघरूण वर ओढलं. "मी उठून आलो. तुजं नाव कसं घेऊ तितं?" दुखणं थांबायची गोळी तेवढी त्यानं दुकानातून आणली होती. वर गावाकडच्या सरकारी दवाखान्यात जायची सोय नव्हती, तिथली नर्स त्याची मावसबहीण. तो हे सगळं तक्रार न करता सांगत होता, जणू पाऊस किती झाला ते सांगतोय. स्नेहलनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच वेळी ठरवलं. आज सकाळी फोन करून त्याला मंचरला बोलावलं ते तिनंच. ऋषीनं त्याला बाकावर बसलेलं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि काहीच विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, आला असेल सोबतीला.

"चला, महाळुंगे," सोपान म्हणाला. या वेळी सुभाष हलला नाही. तो जमिनीकडं बघत होता.

मॅडम हात पुसत आत आल्या, खुर्चीत टेकल्या. दमलेल्या दिसत होत्या. रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा," त्या ऋषीला म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही मला शब्द दिला होता. आता हिच्या गर्भनळीला सूज आहे. या खेपेला उतरलं नाही तर आत पू होईल, हिला पुण्याला न्यावं लागेल, पोट उघडावं लागेल. तुमच्या मजेसाठी. कळतंय का तुम्हाला?" ऋषीनं मान खाली घातली.

"मॅडम," स्नेहल म्हणाली. आपला आवाज आपल्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला तिला. "हा कुठंही गेला नाही. माझ्या आयुष्यात आणखी एक जण आहे. ह्याला माहीत आहे, पहिल्यापासून माहीत आहे, ह्याच्या मर्जीनं आहे. औषध आम्ही वाटून घेतलं, म्हणून असं झालं. तो बाहेर बसलाय. त्याला ताप आहे, सूज आहे. त्यालाही औषध द्या."

बोलून झालं. जग जागेवर होतं. पंखा फिरत होता. मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि बघितलं ते स्नेहलकडं नाही, ऋषीकडं. "हे खरं आहे?"

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "तिला लई ताण आलाय. मला वाचवायला बघतीय ती. चूक माझीच हाय."

स्नेहल त्याच्याकडं बघत राहिली. हा आपल्याला झाकतोय, असं तिला आधी वाटलं. मग हळूहळू दुसरं काही दिसायला लागलं, जे तिनं कधी बघितलंच नव्हतं. बाहेर जाणारा नवरा गावात खपतो. आई अबोला धरते, भावकी मिशीत हसते, वर्षभरात सगळे विसरतात. त्या माणसाला बसायला जागा असते. पण बायकोच्या दुसऱ्या माणसाला स्वतःच्या घरात जेवू घालणारा? त्याला कुठं बसवायचं हे कुणालाच माहीत नाही. इतके दिवस त्यानं तिचा भार उचलला असं तिला वाटत होतं. त्यानं दोन भारांतला हलका उचलला होता. आणि आता ती दुसरा त्याच्या डोक्यावर ठेवत होती, त्याला न विचारता, त्याच्या माघारी. माघारी काय नको, एवढंच त्यानं मागितलं होतं.

मॅडमनी टेबलावरून हात पुढं करून तिच्या हातावर ठेवला. त्यांचे डोळे मऊ झाले होते. "नवऱ्यासाठी बायका काय काय अंगावर घेतात," त्या म्हणाल्या. "असं करायचं नसतं, बाळा. तुला कुणी काही म्हणणार नाही." आणि त्या उठून कपाटाकडं गेल्या, पुड्यांसाठी कागद फाडू लागल्या. एक ढीग, मग दुसरा.

खरं बोलूनही ती पतिव्रताच ठरली होती. तिला हसू आलं, हसू येण्याचीही भीती वाटली, आणि ती उठली. ऋषीनं तिची बाही धरली, "स्नेहल," असं अगदी हळू म्हणाला. तिनं बाही सोडवून घेतली आणि दार सताड उघडलं. बाहेरच्या सगळ्या माना वर झाल्या.

"सुभाष, आत ये."

सुभाषनं आधी सोपानकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मी बरा हाय, वहिनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "तुमचं होऊ द्या आदी." तोही झाकत होता. दोघं दोन बाजूंनी तिच्यावर पांघरूण ओढत होते, आणि त्या पांघरुणाखाली तिघंही गुदमरून मरायला टेकले होते. ती बाकांच्या मधून चालत गेली आणि तिनं त्याचा हात धरला. हात भाजत होता. तो उठला, पण उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि दाराकडं येताना त्याचं एकेक पाऊल दातओठ खाऊन पडत होतं. मोसंबीवाल्या बाईनं पाय आखडून वाट दिली. सोपान तोंड उघडं टाकून स्नेहलच्या हातातल्या त्या हाताकडं बघत होता.

ऋषी दारात येऊन उभा होता. सुभाषला चालताना तो आज कित्येक दिवसांनी बघत होता. त्याची नजर त्या फाकलेल्या पायांवर गेली, घामानं थबथबलेल्या तोंडावर गेली, आणि तिथंच राहिली.

"काय चाललंय हे?" मागून मॅडमचा आवाज चढला. "एका वेळी एकच जोडी आत! किती जण आहात तुम्ही?"

स्नेहलनं सुभाषचा हात सोडला नाही. जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आणि यापुढचं तिनं एकटीनं बोलण्यासारखं नव्हतंच. तिनं ऋषीकडं पाहिलंही नाही. बघितलं तर मागितल्यासारखं झालं असतं, आणि मागायचा हक्क तिनं आजच घालवला होता.

"तिघं," ऋषी म्हणाला.

तो हळूच बोलला, पण बाहेर इतकं शांत झालं होतं की ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. मग त्यानं सुभाषच्या दुसऱ्या काखेत हात घातला आणि त्याला आत घेतलं. मॅडम कपाटापाशी हातात कागद धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी मान वर करून स्नेहलकडं पाहिलं, नीट, पहिल्यांदाच. "दार लावा," त्या म्हणाल्या. दार लावताना फटीतून स्नेहलला सोपान खिशातून फोन काढताना दिसला. घरी सरूबाई आता तेलाची वाटी उन्हात ठेवून आपली वाट बघत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं कडी घातली.